पहाटे पाचचा आकडा बावीस: अंबडमधील एका बस वाहतूकदाराचे प्रकरण

(संबंधितांची ओळख पटू नये म्हणून मार्ग, गाड्यांची संख्या आणि काही तपशील बदलले आहेत. प्रकरण नव्या कामगार संहिता लागू होण्याआधीचे आहे, त्यामुळे कायद्याचे उल्लेख त्या वेळच्या स्थितीनुसार आहेत.)

पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला हा दुसऱ्या पिढीचा वाहतूक व्यवसाय. वडिलांनी पिंपळगाव बसवंतचा कांदा मुंबईला नेण्यापासून सुरुवात केली, मुलाने कारखान्यांच्या कामगार-बसचे ठेके घेतले. त्या वेळी साठेक गाड्या होत्या. निम्म्याहून जास्त बस आणि ट्रॅव्हलर, बाकी न्हावाशेव्याच्या फेऱ्या करणारे कंटेनर. ड्रायव्हर, क्लीनर, गॅरेजवाले धरून शंभरावर माणसे. मालकाला सगळे शेठ म्हणतात. शेठ पहाटे डेपोत येतात, ड्रायव्हरांच्या घरच्या लग्नांना जातात आणि रागावले की कुणाला तरी कामावरून काढल्याचे जाहीर करतात. ते काढणे बहुतेक वेळा दुपारच्या जेवणापर्यंतच टिकते.

सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. त्याची मूळ कंपनी अमेरिकेतली. तीन पाळ्या, आणि सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, नाशिकरोड अशा मार्गांवरून कामगारांची ने-आण. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबाद रस्त्यावर मिरची हॉटेलजवळ खासगी बस पेटून प्रवासी होरपळले, तेव्हापासून हा ग्राहक वाहतूकदाराकडे कागदांचा आग्रह धरू लागला होता. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाचा कारखाना उघडकीस आणला. नाशिक आणि ड्रग्ज हे दोन शब्द रोज एकत्र छापून येऊ लागले. त्यानंतर करार नव्याने करायला आला तेव्हा त्याला एक जोडपत्र लागले होते.

जोडपत्रात तीन गोष्टी होत्या. प्रत्येक ड्यूटीआधी श्वासचाचणी, आणि आकडा शून्याच्या वर गेला तर त्या ड्रायव्हरला ग्राहकाच्या कामावरून कायमचे दूर करणे. महिन्यातून काही ड्रायव्हर चिठ्ठी टाकून निवडून त्यांची लघवीची अमली पदार्थ तपासणी. आणि हे सगळे ‘अमेरिकी वाहतूक खात्याच्या नियमांनुसार’.

शेठनी सही केली. ठेका मोठा होता आणि जोडपत्र शेवटच्या पानावर होते. हातात धरून फुंकायचे एक मशीन आणले, रात्रपाळीच्या वॉचमनला ते कसे चालवायचे ते उभ्या-उभ्या दाखवले, नोंदीसाठी एक वही ठेवली. लघवीच्या तपासणीचे ‘बघू’ असे ठरले.

त्या पहाटे काय घडले

थंडीचे दिवस. पहिल्या पाळीच्या बसवर जे ड्रायव्हर होते त्यांना आपण मामा म्हणू, डेपोतही त्यांना तेच म्हणत. पन्नाशीतले, या डेपोत बारा-तेरा वर्षे, नावावर एकही अपघात नाही. पाच वाजायच्या आधी त्यांनी फुंक मारली आणि मशीनवर ४६ आले, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तामागे ४६ मिलिग्रॅम मद्यार्क. वॉचमनला वाटले मशीन बिघडले. त्याने सुपरवायझरला उठवले.

मामा म्हणाले, ‘खोकल्याचं आसव घेतलंय आत्ताच, गेटवर. त्याचंच आहे ते.’ खिशातून बाटली काढून दाखवली.

सुपरवायझरने इथे एक फार चांगली गोष्ट केली, आणि ती त्याला कुणी शिकवलेली नव्हती. त्याने मामांना तोंड धुवायला लावले, समोर बसवून ठेवले, काही खाऊ-पिऊ दिले नाही आणि वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला सांगितले. आकडा आला २२.

आता खरा पेच. बाहेर बस सुरू, मार्गावर चाळीसच्या आसपास कामगार थंडीत उभे, त्यांत पहिल्या पाळीच्या बायकाही. राखीव ड्रायव्हर नाही. मामा म्हणतायत, ‘कायद्यात तीस चालतं, बावीसच आहे.’ क्लीनरकडे लायसन होते, पण बस चालवायची परवानगी नव्हती. सुपरवायझरने शेठना फोन लावला. शेठ म्हणाले, ‘गाडी हलवायची नाही.’ मग शेजारच्या मार्गाची बस आधी एक फेरी टाकून पुन्हा या मार्गावर पाठवली. कामगार पाऊण तास उशिरा पोचले, कारखान्याची एक लाइन उशिरा सुरू झाली, आणि उशिराच्या दंडाचे कलम करारात होतेच.

पुढच्या अर्ध्या तासात मात्र दोन गोष्टी हातातून निसटल्या. सुपरवायझरने मशीनच्या पडद्याचा फोटो काढून ड्रायव्हरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, ‘सर्वांनी बोध घ्यावा’ असे लिहून. आणि मामांना घरी जायला सांगितले. ते आपल्या मोटरसायकलवरून गेले. ज्या माणसाला बस चालवायला अयोग्य ठरवले, त्यालाच मुंबई–आग्रा महामार्गाला लागून असलेल्या रस्त्यावर दुचाकी घेऊन सोडले, हे त्या क्षणी कुणाच्याच लक्षात आले नाही.

दोन आकडे काय सांगतात

मला दोन दिवसांनी सल्ल्यासाठी बोलावले गेले. तोवर डेपोत दोन तट पडले होते. ‘मामा खोटं बोलतात’ आणि ‘मशीन खोटं बोलतं’.

दोन्ही चूक होते. आसव-अरिष्टे आंबवूनच तयार होतात, त्यांत मद्यार्क असतोच, आणि त्याचे प्रमाण बाटलीवर छापलेले असते. असे औषध, माउथवॉश किंवा होमिओपॅथीचा अर्क नुकताच घेतला असेल तर तोंडातली वाफ मशीनमध्ये जाते आणि आकडा फुगतो. पण तोंडातला हा मद्यार्क साधारण पंधरा मिनिटांत ओसरतो. रक्तातला मद्यार्क मात्र तासाला १०० मिलिलिटरमागे १५ ते २० मिलिग्रॅम एवढ्याच वेगाने उतरतो. वीस मिनिटांत तो फार तर सहा-सातने खाली येईल. इथे आकडा २४ने उतरला. म्हणजे पहिल्या आकड्यातला मोठा भाग खरोखरच आसवाचा होता. मामा खरे बोलत होते.

पण उरलेले २२ आसवाचे नव्हते. ते रक्तातले होते. तासाला पंधराच्या हिशेबाने चार तास मागे गेलो तर रात्री एकच्या सुमारास ऐंशीच्या पुढचा आकडा निघतो. हा हिशेब ढोबळ आहे, माणसागणिक बदलतो, शिक्षेसाठी वापरण्याच्या लायकीचा नाही. पण विचारायला पुरेसा होता. मामांनी आधी ‘एक नाईन्टी’ सांगितली. शांतपणे विचारल्यावर म्हणाले, ‘क्वार्टर आणलेली. थोडी ठेवली.’

कायद्याच्या बाजूने पाहिले तर मामांचे ‘तीस चालतं’ अगदीच पोकळ नव्हते. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असला तर गुन्हा. २०१९च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही; पुन्हा झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. बावीसवर हा गुन्हा होत नाही. शिवाय या कायद्याखाली श्वासचाचणी मागण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला आणि मोटार वाहन खात्याच्या अधिकाऱ्याला आहे, गेटवरच्या वॉचमनला नाही. मालकाचा अधिकार येतो तो नोकरीच्या अटींतून आणि स्थायी आदेशांतून (आस्थापनेतल्या नोकरीच्या आणि शिस्तीच्या लेखी नियमांतून). हा फरक अनेक वाहतूकदारांना माहीत नसतो आणि मग ते ड्रायव्हरला ‘पोलिसात देईन’ अशी धमकी देतात.

उलट बाजूही तेवढीच खरी. तीसची रेघ शिक्षेसाठी आहे. चाळीस माणसे मागे बसवून बस चालवायला तीसपर्यंत हरकत नाही, असा तिचा अर्थ नव्हे. नशेतला ड्रायव्हर आहे हे माहीत असून गाडी सोडली तर कलम १८८खाली मालकही चिथावणीदार ठरू शकतो. गाडीच्या विमा पॉलिसीत नशेतल्या ड्रायव्हरच्या हातून झालेल्या नुकसानीला अपवाद असतो. शून्याचा नियम मालकाने स्वतःसाठी करावा आणि लेखी करावा, हे माझे मत आधीही होते, आताही आहे.

समोर असलेले पर्याय

शेठचा पहिला विचार सरळ होता: काढून टाकायचे. करारात तसे लिहिलेय, ग्राहकाला पत्र पाठवायचे, विषय संपला. या वेळी घोषणा दुपारनंतरही टिकली, कारण दंडाची रक्कम आली होती.

दुसरा पर्याय डेपोतल्या जुन्या माणसांचा. मामांना महिनाभर कंटेनरवर टाकू, ग्राहकाला ‘गाडी बिघडली होती’ सांगू, वही बदलू. हा पर्याय मी ऐकून घेतला तेवढाच. वहीतले एक पान फाटले की उरलेल्या सगळ्या पानांचे मोल शून्य होते.

तिसरा रीतसर रस्ता: आरोपपत्र, खातेनिहाय चौकशी, मग निर्णय. शंभरावर माणसे असल्याने स्थायी आदेश लागू होते, आणि आवारात मद्यधुंद असणे हे त्यांत गैरवर्तन म्हणून आहे. चौकशी होईपर्यंत निलंबित ठेवायचे तर पहिले नव्वद दिवस निम्मे वेतन निर्वाह भत्ता म्हणून द्यावे लागते.

रीतसर रस्त्याने जायचे तर पुरावा काय, हे आम्ही टेबलावर मांडले. मशीनला प्रिंटर नव्हता. पडद्याचा फोटो होता, त्यात वेळ होती, नाव नव्हते. वहीत मागचे तीन महिने सगळ्यांच्या नावापुढे एकाच हाताने, एकाच पेनाने शून्य लिहिलेले होते. काही पाने एकाच बैठकीत भरल्यासारखी. सुपरवायझर, गॅरेजचा फोरमन आणि शेठचा मेहुणा, जो अडीअडचणीला गाडी काढतो, यांची नोंद कुठेच नव्हती. आणि मशीनच्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे ते अचूक मोजते याच्या, प्रमाणपत्राची मुदत केव्हाच संपली होती. युनियनच्या माणसाने पहिल्या भेटीत तेच मागितले.

वॉचमनच्या जबाबात ‘तोंडाला वास येत होता’ असे होते. शेठना वाटले हा भक्कम पुरावा. पण नुसता वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावर माणूस दारूच्या अमलाखाली होता असे सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका अपघाताच्या खटल्यात १९७१ साली म्हटले आहे. तो फौजदारी खटला होता आणि खातेनिहाय चौकशीला तेवढा कडक पुरावा लागत नाही, हे खरे. तरी ‘मद्यधुंद’ आणि ‘बावीस’ यांत अंतर आहे. बारा वर्षांच्या निर्दोष नोकरीवर बडतर्फी टिकवायला हे सगळे मिळून फार लंगडे होते. कामगार न्यायालयात अनुचित कामगार प्रथेची तक्रार गेली असती तर वहीच मालकाच्या विरोधात बोलली असती.

चौथा पर्याय मी मांडला: शिक्षा द्यायची, पण परतीचा रस्ता ठेवायचा. त्याकडे जाण्याआधी एक प्रश्न राहिला होता, जो तोपर्यंत कुणी विचारलाच नव्हता. पहाटे पाचला ड्यूटी असलेला, आजवर कधीही न सापडलेला माणूस रात्री एक वाजता क्वार्टर का उघडतो?

ड्यूटी चार्ट

मी चार्ट मागितला. आदल्या रात्री दुसऱ्या पाळीच्या कामगारांना सोडायची फेरी मामांचीच होती. पाळी बाराला सुटली, शेवटचा कामगार नाशिकरोडच्या पुढे उतरला, बस डेपोत आली तेव्हा पाऊण वाजून गेला होता. पहाटे पावणेपाचला पुन्हा हजेरी. मध्ये चार तास, त्यात घरी जाणे-येणे.

हे एका रात्रीचे नव्हते. आठवड्यातून तीनदा अशी जोड-ड्यूटी लागत होती, कारण दुपारी मध्ये मोकळा वेळ असतो म्हणून कागदावर तास आठ-नऊच दिसत. मामांचे म्हणणे साधे होते. ‘एक वाजता घरी जाऊन झोप लागत नाही हो साहेब. डोक्यात गाडी चालूच असते. दोन घोट घेतले की डोळा लागतो.’

यात सबब किती आणि सत्य किती, हे तोलायची गरज नव्हती, कारण कायदा स्पष्ट होता. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ प्रमाणे दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. मधल्या सुट्ट्या धरून कामाचा पसारा बारा तासांच्या आत. आणि एका दिवसाची ड्यूटी संपल्यापासून दुसऱ्या दिवसाची सुरू होईपर्यंत सलग नऊ तास विश्रांती. मामांना चार मिळत होते. (२१ नोव्हेंबर २०२५पासून हा कायदा व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत सामावला गेला आहे, आज हेच काम करणाऱ्याने संहितेतले आणि राज्याच्या नियमांतले तास पाहावेत.)

माझ्या दृष्टीने प्रकरण इथे उलटले. मशीनने मामांना पकडले होते, पण बावीस हा आकडा तयार व्हायला मालकाच्या चार्टचा हातभार होता. आणि बावीसच्या जागी शून्य आले असते तरी चार तास झोपलेला ड्रायव्हर बस घेऊन निघालाच असता, मशीनने त्याला ‘योग्य’ म्हटले असते. झोप मोजायचे मशीन गेटवर नसते. चौकशी झाली असती तर मामांच्या प्रतिनिधीने पहिला कागद हाच काढला असता. शेठ बराच वेळ चार्ट बघत बसले. मग म्हणाले, ‘हे मीच केलंय. तीन ड्रायव्हर वाचवायला.’

ग्राहकाशी बोलणी

ग्राहकाला सांगायचे की नाही यावर दोन दिवस गेले. सांगायचे ठरले, आणि चार्टसकट सांगायचे. शेठना हे अवघड गेले.

कारखान्याच्या एचआर मॅडमनी जोडपत्र पुढे केले: शून्याच्या वर म्हणजे कायमचे दूर. तेव्हा त्यात ज्या अमेरिकी नियमांचा हवाला दिला होता, तेच आम्ही काढून समोर ठेवले. हे नियम तिथल्या व्यावसायिक परवानाधारक ड्रायव्हरांसाठी आहेत, नाशिकमध्ये त्यांना कायद्याचे बळ नाही; पण करारात नाव घेतलेय तर पूर्ण घ्यावे. तिथे ०.०४ किंवा जास्त, म्हणजे आपल्या मापात ४०, आले तर उल्लंघन. ०.०२ ते ०.०४च्या मध्ये असेल तर किमान चोवीस तास गाडीवर बसवायचे नाही, एवढेच. पहिला आकडा वर आला की किमान पंधरा मिनिटे थांबून दुसरी चाचणी घ्यायची आणि दुसराच आकडा अंतिम मानायचा. उल्लंघन झाले तरी तज्ज्ञाकडून तपासणी, उपचार, पुन्हा चाचणी आणि नंतर अचानक होणाऱ्या चाचण्या असा परतीचा मार्ग ठेवलेला आहे. म्हणजे मामांचे बावीस तिथे चोवीस तासांचे प्रकरण ठरले असते. मॅडमनी ते दोनदा वाचले आणि कायदा विभागाला पाठवले. जोडपत्र लिहिणाऱ्याने मूळ नियम वाचले नसावेत, अशी मला दाट शंका आहे.

लघवीच्या तपासणीचा मुद्दा याच बैठकीत निघाला, आणि तो दारूपेक्षा गुंतागुंतीचा होता. बाजारात पाच पदार्थ दाखवणारे झटपट कप मिळतात, ग्राहकाला तेच हवे होते. आम्ही नकार दिला. कारणे अशी.

लघवीत सापडलेला पदार्थ माणूस त्या क्षणी नशेत आहे हे सांगत नाही. तो कधीतरी शरीरात गेला होता एवढेच सांगतो. गांजातला घटक नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत आठवडे टिकू शकतो. भांग पोटात गेली तरी तोच घटक दिसतो. महाशिवरात्रीला त्र्यंबकेश्वरला जाऊन आलेल्या ड्रायव्हरची दोन दिवसांनी चिठ्ठी निघाली तर काय करणार? अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात गांजा आणि चरस गुन्हा आहेत, पण शेंडे वगळून नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत. कपाला हा भेद कळत नाही.

दुसरे, खसखस. ती अफूच्या बोंडातूनच येते आणि खाल्ल्यावर लघवीत मॉर्फिन दिसू शकते. अमेरिकेत याच अडचणीमुळे १९९८ साली अफूजन्य पदार्थांची मर्यादा एका मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० केली गेली. जुन्या मर्यादेचे कप अजूनही विकले जातात. दिवाळीत अनारसे हाणलेल्या ड्रायव्हरला त्यावर अफूबाज ठरवणे अशक्य नाही. खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाचेही तेच.

ड्रायव्हरांच्या सभेत तिसरी भीती बोलली गेली: ‘कपात काही निघालं तर पोलिसात देणार का?’ सेवन हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्यामुळे प्रश्न रास्त होता. त्याच कायद्याच्या कलम ६४अ मध्ये स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे, हे सांगितल्यावर एकाने मागून विचारले, ‘मग आधी उपचार, नंतर कप, असं करा ना.’ त्या सभेतले सर्वांत शहाणपणाचे वाक्य.

शेवटी ठरले ते असे: अमली पदार्थांची तपासणी नोकरीवर घेताना आणि गंभीर अपघातानंतर, नमुना प्रयोगशाळेत, पहिला निकाल संशयास्पद आला तर दुसऱ्या, अधिक अचूक पद्धतीने खात्री, आणि निकाल कुणालाही कळण्याआधी डॉक्टरने ड्रायव्हरशी बोलून औषधे, खाणे यांची विचारणा करायची. चिठ्ठी टाकून कप नाही. ग्राहकाने हे एका वर्षासाठी मान्य केले.

काय केले

मामांना चार दिवसांची बिनपगारी शिक्षा, लेखी ताकीद, आणि तीन महिने बसऐवजी डेपोतले काम. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले, त्यांनी झोपेची अडचण आणि वाढत चाललेले पिणे असे दोन्ही नोंदवले आणि तेवढाच अभिप्राय कंपनीला दिला की उपचार सुरू आहेत. बाकी कागद कंपनीने मागितले नाहीत. परत बसवर येण्याआधी लेखी करार झाला: वर्षभर अचानक चाचण्या, पुन्हा आकडा आला तर चौकशी आणि बडतर्फीची तयारी. सही करताना मामांनी विचारले, ‘ग्रुपवरचा फोटो काढणार का?’ फोटो ग्रुपवरून हटवला, सुपरवायझरने सर्वांसमोर माफी मागितली. पण तोवर तो किती जणांच्या फोनमध्ये गेला होता कोण जाणे. मामांना शिक्षेपेक्षा तेच जास्त लागले होते.

चाचणीची पद्धत पानभर मराठीत लिहून गेटवर लावली. प्रिंट देणारे मशीन घेतले, कॅलिब्रेशनची तारीख त्याच्यावरच चिकटवली. चाचणीआधी पंधरा मिनिटे तोंडात काही नाही, तंबाखूसुद्धा नाही. आकडा आला तर पंधरा ते वीस मिनिटांनी दुसरी फुंक, साक्षीदारासमोर, आणि प्रिंटवर ड्रायव्हरची सही. आकडा आलेल्या माणसाला घरी पोचवायची जबाबदारी डेपोची, त्याची दुचाकी डेपोतच. आणि गाडीला हात लावणारा प्रत्येक जण फुंकणार; पहिल्या दिवशी शेठ स्वतः रांगेत उभे राहिले, मेहुण्यांना मागे उभे करून.

चार्ट बदलला. रात्रीची शेवटची फेरी करणाऱ्याला पहाटेची पहिली नाही. त्यासाठी तीन ड्रायव्हर आणि पहाटेसाठी एक राखीव असे चार नवे लागले.

परिणाम

मामा चौथ्या महिन्यात बसवर परत आले, फक्त दिवसाच्या पाळीला. त्यांच्या अचानक चाचण्या शून्य आल्या. वर्षाच्या शेवटी त्यांनी स्वतःहून शाळेच्या बसची नोकरी धरली, पगार थोडा कमी. रुसून गेले की बऱ्यासाठी, हे मी सांगू शकत नाही.

नव्या पद्धतीत पहिल्या काही महिन्यांत आणखी आकडे आले. बहुतेक दुसऱ्या फुंकेला शून्यावर उतरले. एक उतरला नाही, आणि तो ड्रायव्हर कारवाईआधीच काम सोडून गेला. नोकरीपूर्व तपासणीचे नाव ऐकून दोन उमेदवार परत आले नाहीत. यातून काय निष्कर्ष काढावा यावर शेठ आणि मी अजून सहमत नाही. ते म्हणतात तपासणीने काम केले, मला वाटते ते दोघे दुसऱ्या कुठल्या तरी डेपोत गाडी चालवत असतील.

पैशाचे गणित पूर्ण सुटले नाही. चार जादा ड्रायव्हरांचा खर्च धरून शेठनी फेरीचा दर वाढवून मागितला, ग्राहकाने निम्म्याच्या आसपास वाढ दिली. सुरक्षेचे जोडपत्र लिहिणारा विभाग वेगळा आणि दर ठरवणारा वेगळा, हे मोठ्या कारखान्यांत नेहमीचेच. त्या पहाटेचा उशिराचा दंड मात्र मॅडमनी माफ करून घेतला. अशा कारणाने बस थांबवली तर दंड नाही, हे कलमही घातले गेले. मला विचाराल तर संपूर्ण प्रकरणातली सर्वांत कामाची दुरुस्ती तीच. पहाटे पाच वाजता सुपरवायझरच्या एका कानात दंड आणि दुसऱ्या कानात मशीनचा आकडा असेल, तर तो नेहमीच आकड्याचे ऐकेल याची खात्री देता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

जोडपत्रावर सही करण्याआधी ते एकदा युनियनच्या माणसाला दाखवायला हवे होते. पहिल्याच वाचनात त्याने ‘आकडा आल्यावर पुढे काय’ हे विचारले असते, आणि तो प्रश्न शांतपणे सुटला असता.

त्या पहाटे आणखी एक गोष्ट करता आली असती: मामांची संमती असेल तर तासाभरात डॉक्टरकडून रक्ताचा नमुना. तसे झाले असते तर मशीन खरे की खोटे हा वादच उरला नसता. आता पद्धतीत ते आहे, पण ऐच्छिक.

चार्टची तपासणी आकडा येण्याची वाट न पाहता व्हायला हवी होती. श्वासचाचणीच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवायची सूचना मी केली: आदली ड्यूटी किती वाजता संपली, आजची किती वाजता सुरू. नऊ तास भरत नसतील तर फुंकायलाही लावायचे नाही, सरळ परत पाठवायचे. बससाठी ती वही सुरू झाली.

कंटेनरसाठी झाली नाही. अंबडच्या गेटवर शून्य फुंकून गाडी निघते, घोटीच्या पुढे ढाब्यावर थांबते, कसारा घाट उतरते, न्हावाशेव्याच्या पार्किंगमध्ये ड्रायव्हर केबिनमध्येच कधी चार, कधी चौदा तास काढतो, आणि परतीला निघताना त्याला कुणी फुंकायला सांगत नाही, झोपलास का असेही विचारत नाही. कंटेनरच्या ग्राहकांच्या करारात असले जोडपत्र नाही. न्हावाशेव्याला माणूस आणि मशीन ठेवणे परवडत नाही, असे शेठ म्हणतात. तिथे गाड्या उभ्या राहणाऱ्या चार-पाच नाशिककर वाहतूकदारांनी मिळून एक माणूस ठेवावा, असे मी सुचवले आहे. त्यांतले दोघे तयार आहेत. बाकीचे म्हणतात, आधी ग्राहकाने मागू दे.